कुलपातली बिस्किटं

ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तास थांबायचं असतं. शिवणकाम करणारी एक बाई लॅबमध्ये आपल्या रिपोर्टसाठी बसली होती आणि शेजारच्या बाकावर एक पोटुशी सून व तिची सासू. कानांना काही झाकण नसतं.

"मागच्या वेळी साखर जास्त निघाली, आई. म्हणून आज पुन्हा."

"गरोदरपणातली ती. बाळंतपणानंतर जाते. माझी नाही का गेली?"

"तुम्हालाही होती?"

"होती की, तुझा नवरा पोटात असताना. साडेचार किलोचा झाला! अख्खा वॉर्ड बघायला आला होता."

"डॉक्टर म्हणाल्या, आईची साखर चढती राहिली तर मूल पुढे लठ्ठ व्हायची शक्यता वाढते. होईलच असं नाही, पण जपलेलं बरं."

"काहीतरीच! तो लठ्ठ झाला खाऊन खाऊन. नुसता खादाड. बिस्किटं कुलपात ठेवायचे मी."

"हो, सांगतात ते. किल्ली म्हणे धाकट्या भावजींकडे असायची."

"धाकटा काटकुळा होता. त्याला चालायचं."

"मग जास्त कोण खायचं?"

"खायचा... धाकटाच."

"त्यांच्या वेळी होती तुम्हाला साखर?"

"नव्हती."

"आई, दुसऱ्यांदा रक्त द्यायला बोलावतायत."

"जा तू. फोन तेवढा देऊन जा. तुझ्या नवऱ्याला लावून दे."

"आत्ता? ऑफिसात असतील. काय झालं?"

"काही नाही गं. पोटभर जेवलास का, एवढंच विचारायचंय."