वारबर्गमध्ये बघण्यासारखं

नेल्सन : किल्ला. तेराव्या शतकातला. डेन्मार्कवाल्यांनी बांधलेला.

बाबाजी : तो मागच्या शुक्रवारी सांगून झाला.

नेल्सन : बटण. स्वीडनच्या एका राजाला गोळीऐवजी बटण मारलं म्हणतात. ते म्युझियममध्ये आहे.

बाबाजी : मारामारी नको.

नेल्सन : दलदलीत सापडलेला माणूस. शेकडो वर्षांपूर्वीचा. अंगावरचे कपडे अजून शाबूत.

बाबाजी : नेल्सन.

नेल्सन : सॉरी, मॅन. न्हाणीघर. समुद्रात खांबांवर उभं केलंय, वर घुमट. इकडच्या मशिदींसारखे दिसतात. भर थंडीतही लोक तिथून पाण्यात उतरतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. कपडे न घालता.

बाबाजी : न्हाणीघर चालेल. कपड्यांचं राहू दे.

(दुबईतलं अल क्वोज, १९९८. शुक्रवारची दुपार. लेबर कॅम्पच्या गेटबाहेरचा फोन बूथ. सावली एकाच माणसापुरती.)

नेल्सन : खरं सांगू? मला हे जड जातंय. ट्रॅव्हल एजन्सीत मी लोकांना हॉलिडे विकतो. तुझा भाऊ मिथुन त्या बंदरात जिवानिशी गेला, जहाजावर लाकडं चढवताना. आणि मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्याच गावाची टूरिस्ट माहिती छापून आणतोय. कशाला, तर तुझ्या आईला वाटावं की मिथुन तिकडे किनाऱ्यावर कामाला लागला, मजेत आहे.

बाबाजी : पत्रिका वाटून झाल्या होत्या. सुतक सांगितलं असतं तर बहिणीचं, आशाचं लग्न थांबलं असतं. आमच्या घरात जवान पोरगा गेला की वर्षभर कार्य होत नाही. जावई कुवेतला. ही सुट्टी गेली की पुढची दोन वर्षांनी. तेवढं कोण थांबतंय?

नेल्सन : आणि सुतक तुला नाही?

बाबाजी : मला आहे.

नेल्सन : मग मंडपात कसा जाणार?

बाबाजी : विमानाने.

नेल्सन : मी सीरियसली विचारतोय.

बाबाजी : मलाही माहीत नाही रे. तिकडच्या लोकांनी फोन करून विचारलं, इथेच अग्नी देऊ का. कागदावर माझंच नाव होतं. मी हो म्हटलं आणि पुन्हा वेल्डिंगला गेलो. सुपरवायझर उभा होता. आता अस्थी तिथल्या एजंटच्या ऑफिसात आहेत. लग्न लागू दे, दुसऱ्या दिवशी आईला सगळं सांगतो. कार्ड दे. आई वाण्याच्या दुकानात फोनसाठी येऊन बसली असेल.

नेल्सन : यल्ला, चल. लाव.

ठकुबाई : बाबाजी? जेवलंस?

बाबाजी : जेवलंय गे. तू?

ठकुबाई : माझा सोड. मिथुनान काय सांगल्यान?

बाबाजी : बरो आसा. थय दर्यात एक न्हाणीघर आसा. वर घुमट.

ठकुबाई : दर्या असताना न्हाणीघर कित्याक?

बाबाजी : पाणी थंड आसता. भायर येवन शेकूक बसतत.

ठकुबाई : तेका म्हण, शेकून घे. पाण्यात उतरा नको. किल्ल्याचा मी सगळ्या वाडीक सांगलंय. व्याह्यांका पण.

बाबाजी : व्याह्यांका कित्याक सांगलंस?

ठकुबाई : सांगूक नको? त्यांचो धाकटो झील घराकच बसान आसा. व्याही म्हणाले, मिथुनाक विचारा, आमच्या पोराक थय खय चिकटवता येयत काय.

बाबाजी : बघूया.

ठकुबाई : बघूया नको. विचार. आणि कान कोण पिळतलो?

बाबाजी : मी येतंय मां. मी पिळतलंय.

ठकुबाई : वेल्डिंगचे हात ते. जावय मंडपातच रडतलो. धाकट्या भावाचो मान तो. आशा म्हणता, नवऱ्याचो कान मिथुनानच पिळूक व्हयो.

बाबाजी : तेका रजा नाय गे.

ठकुबाई : मग फोन तरी करूक सांग. तुका तो गावता, माका कसो गावना नाय?

बाबाजी : तेचो फोन हयच लागता.

ठकुबाई : हं.

बाबाजी : आये?

ठकुबाई : आसंय. थय देऊळ आसा काय?

बाबाजी : थांब हां. नेल्सन, देऊळ आहे का तिथे?

नेल्सन : चर्च आहे. चौकात.

बाबाजी : चर्च आसा, चौकात.

ठकुबाई : चलात. देव तो देव. तेका सांग, थय एक मेणबत्ती लाव आणि आशेचा नाव घे. माझ्या वतीन. आजच सांग, नायतर विसरशीत.

बाबाजी : सांगतंय. कार्ड संपता गे. ठेव.

नेल्सन : काय म्हणाली?

बाबाजी : त्याला मेणबत्ती लावायला सांगितलीय. आशासाठी.

नेल्सन : संध्याकाळी चर्चमध्ये मिस्साला जातोय. मी लावतो. क्रिस्टिना येईल, तीही प्रार्थना करील.

बाबाजी : क्रिस्टिना कोण?

नेल्सन : माझी बायको, मॅन. तुझ्या घरचं सगळं मला पाठ झालं, आणि तू.

बाबाजी : हां. माफ कर.

नेल्सन : दोन लावू? एक मिथुनच्या नावाने?

बाबाजी : नको. लग्न होईपर्यंत आशाचीच लाव.

नेल्सन : तिकडे चर्चमध्ये कुणाला कळणार आहे?

बाबाजी : मला कळेल. मग पुढच्या शुक्रवारी मला बोलता येणार नाही.

नेल्सन : पुढच्या शुक्रवारी बोलणार काय? पान संपलं. किल्ला झाला, न्हाणीघर झालं. उरलं ते तुला चालत नाही.

बाबाजी : तिथे नोकरीचं काय असतं, ते बघून ठेव.

नेल्सन : कुणासाठी?

बाबाजी : व्याह्यांच्या धाकट्यासाठी.

नेल्सन : बाबाजी, तू ऐकतोयस ना, तू काय बोलतोयस ते?

बाबाजी : मग त्यांना काय सांगू, तू सांग.

नेल्सन : लग्नाची तारीख उलटेपर्यंत टाळ, मॅन.

बाबाजी : लग्नाची तारीख मिथुननेच धरायला लावली होती. त्या आठवड्यात त्याचं काँट्रॅक्ट संपून तो घरी येणार होता.