टाकीच्या सावलीतल्या रेघा

सर्वेश : गच्चीवरच्या काळ्या रेघा ना, आई? काल मीच पुसल्या. घरमालक ओरडला असता.

चंद्रावती : पुसल्यास? सगळ्यो? वा रे झिला! हळर्णसून पणजेक येवन म्हातारी उन्हात कोकमाची सोलां सुकयता, आणि तू तिचा कॅलेंडर पुसतंस!

सर्वेश : कोळशाच्या रेघा म्हणजे कॅलेंडर?

चंद्रावती : मगे? दर्याचो वारो सुटलो की सोलां झाकूची लागतत, नायतर दमट होतत. वारो सुटता तेंव्हा टाकीची सावली जंय असता, थंय रेघ मारतंय. दुसऱ्या दिवशी कधी वर धावचा, ता कळता.

सर्वेश : थांब. रोज वारा कधी सुटला, ते तू लिहून ठेवत होतीस?

चंद्रावती : लिवक येता खंय माका? रेघ मारतंय.

सर्वेश : आणि मी इकडे डोकं फोडतोय! अगं, तो वारा लवकर आला की पणजीचा पारा बत्तीसवर थांबतो, उशीर झाला की चढत जातो. आमच्या वेधशाळेचं वारा मोजायचं यंत्र पंधरा दिवस दुरुस्तीला. चार दिवस मी तेहतीस सांगतोय, चार दिवस तोंडावर पडतोय. आज पाचला उद्याचा आकडा द्यायचा. तोही चुकला तर साहेब मला अंदाजावरून काढून पुन्हा थर्मामीटर वाचायला बसवणार.

चंद्रावती : गोंयचा राज्य झाला, साहेब वाढले. गच्चीवर चढूक कोणाक होया?

सर्वेश : थट्टा पुरे गं. रेघा आठवतात?

चंद्रावती : रेघो खंय आठवतल्यो? दिवस आठवतत. गुरुवारी शेजारची सुमन सकाळी धाक उंडे पाव घेवन इली, तेंव्हाच वारो. शुक्रवारी माझी पेज जेवन झाली, मगे. शनिवारी थंयच डुलकी लागली. उठलंय तरी पान हालूक नाय. काल त्याच्या मागसून.

सर्वेश : आणि आज?

चंद्रावती : आज बारांचो भोंगो झालो, मगे.

सर्वेश : म्हणजे दहापासून सरकत आज बाराच्या पुढे; रोज उशीर. आज पारा पस्तीसवर गेला, उद्या त्याहून जास्त. मी छत्तीस लिहितो.

चंद्रावती : साहेब किती सांगता?

सर्वेश : तेहतीसच. दरवर्षी या दिवसांत तेवढंच असतं म्हणे.

चंद्रावती : आणि तू माझ्या सोलांवर सही करतलंस? चुकला तर?

सर्वेश : तर थर्मामीटर.

चंद्रावती : वाच मगे. थर्मामीटर वाचायचंस, तेंव्हा दुपारी घरी येवन गरम जेवायचंस तरी. जा, छत्तीसच लिव.