आवाजाचं बटन

शहागंजातल्या कारटेपच्या दुकानासमोर आपल्या गाडीत बसलेल्या सोनियाचे कान शेजारच्या गाडीकडं लागले. मिस्त्री गयास, पिशोर गावाहून आलेल्या काकासाहेबांशी बोलत होता.

"काका, टेप बंद पडलाय. नवी स्क्रीन बसवतो."

"बसव. पण आवाजाचं हे गोल बटन ऱ्हाऊ दे."

"बंद टेपचं बटन कशाला?"

"आमच्या हिला काही अवघड सांगायचं असलं, की आधी ती आवाज कमी करती. मग मी गाडी थांबवतो."

"पण आवाज तर येतच नाही!"

"नाय येत. चार वर्षं झाली. तरी फिरवती. पोरीला नांदायचं नाय, हे तिनं असंच सांगितलं."

गयासनं बटन काढून स्क्रीनखाली नीट बसवून दिलं.

तेवढ्यात काकासाहेबांच्या बायको चतुराबाई दवाखान्यातून आल्या. गाडीत बसल्या, दार लावलं आणि बटन फिरवलं.

काकासाहेबांनी किल्लीवरचा हात काढला.