टाचांचा इलाज

आमची ही लग्न होऊन आली तेव्हा तिच्या जोडव्यांचा टक् टक् आवाज पार गोठ्यापर्यंत ऐकू यायचा. आता टाचा दुखतात म्हणून ती पाय ओढत चालते. ते बघवेना, म्हणून या वयात मी कर्जतला तळपाय दाबून दुखणं घालवायचं शिकायला जाऊ लागलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाबा, घरी सराव करा."

घरी येऊन हिला म्हणालो, "पाय दे."

"अवं, नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा? मला पाप लागंल!"

शेवटी तोड तिनेच काढली. मी एकदा दाबायचं, की तिने लगेच माझ्या पाया पडायचं. ती खाटेवर बसली, मी खाली. टाच दाबली, ती वाकून पाया पडली. दुसरीकडे दाबलं, पुन्हा पडली.

"अगं, शेवटी एकदाच पड की!"

"न्हाई, देव बघतोय."

मग बोटांखाली दाबलं तर तिला गुदगुल्या झाल्या. ती हसत वाकली, मी मान वर केली आणि आमची डोकी टणकन आपटली.

"दुखतंय का गं अजून?"

"टाच न्हाई, टाळकं दुखतंय!"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग तिनेच दुसरा पाय पुढं केला. तो मांडीवर घेतला, ती पाया पडायला वाकली, तेवढ्यात दारात खर्ड्याहून आलेले लेकीचे सासरे!

"बसा की पाव्हणं," ही वाकूनच म्हणाली. "एवढा पाय झाला की च्या टाकते."

व्याह्यांनी माझ्या मांडीवरचा पाय बघितला, हिचं वाकलेलं डोकं बघितलं, काढलेल्या चपला परत घातल्या आणि आल्या पावली निघून गेले.