टेपचं दुसरं टोक

आजी : तुझ्या गळ्याची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर ओले कपडे वाळत घातले होते. मी या डोळ्यांनी पाहिलंय. एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून माझा चहा बंद.

नात : मागच्या वेळीही चहाच बंद होणार होता. आजी, मला पाचच्या आत मेल पाठवायचाय. गोष्टी नंतर.

आजी : कसला मेल?

नात : मी येत नाही म्हणून. लिहून झालाय. बटण दाबायचं राहिलंय फक्त.

आजी : अगं, बॅग भरून झाली तुझी. मोजेसुद्धा जोडीजोडीनं गुंडाळलेस. चार महिने इंटर्नशिप, इंटर्नशिप ऐकून माझे कान किटले, आणि आता येत नाही?

नात : काल सरावासाठी तिथल्या एका आजींना कॉलवर घेतलं होतं. मधे दुभाषा. लढाईनंतर पुन्हा बांधून दिलेलं घर त्यांचं. अशा घरांमध्ये काय दुरुस्ती राहिलीय ते बघून आम्ही लिहायचं, एवढंच काम. पण फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न काय, तर लढाईत तुमचं काय काय गेलं? मी विचारला. त्या उठून गेल्या.

आजी : कुठे?

नात : काय माहीत. स्क्रीनवर नुसती खुर्ची. सात मिनिटं मी त्या खुर्चीकडे बघत बसले. मला भिंतीतलं कळतं गं, कॉलमातलं कळतं. लोकांच्या दारात उभं राहून हे असलं विचारणं मला नाही जमायचं.

आजी : बरं. नको जाऊस. पण अजून चाळीस मिनिटं आहेत, तेवढ्यात लांबडीचं ऐकून घे.

नात : कोण लांबडी?

आजी : जिच्या हातावर कपडे वाळत घातले ती. मघापासून काय सांगतेय मी? मी दहा वर्षांची होते. आमची गल्ली पडली होती तेव्हाची गोष्ट.

नात : पडली होती म्हणजे?

आजी : लढाईत. वाऱ्यानं पडते का गल्ली?

नात : आजी, हे तू कधीच बोलली नाहीस.

आजी : तुम्हा पोरांना भुतं हवी असायची, नाहीतर बोलणारे बोकड. जे मागितलंत ते वाढलं. तर भिंती बऱ्याच वाचल्या होत्या, पण गल्लीत काच म्हणून एक उरली नव्हती. आणि काचवाला एकटा, माझे वडील. तेव्हा कुठल्याशा लांबच्या देशातून एक मुलगी आली त्यांच्या हाताखाली शिकायला. कॉलेजातली, तुझ्याच वयाची. पण उंच इतकी की दारातून दोन खेपांत यायची. आधी डोकं, मग बाकीची.

नात : झालं सुरू.

आजी : हसू नकोस. ती हात ताणून खिडकी मोजत उभी होती, काकूंना वाटलं दोरीच आहे. तर कागदावर सगळ्या खिडक्या सारख्या. एकाच गवंड्यानं बांधलेली ओळ ती. लांबडीनं पहिली खिडकी मोजली, आणि वडील तेल आणायला गेले होते तेवढ्यात एकोणीस काचा कापून ठेवल्या. हात चांगला होता हो तिचा. कापायची चाकी रॉकेलमध्ये बुडवायची, एकच रेघ ओढायची आणि टक्. त्याच रेघेवरून परत गेलं की काच रुसते, हवं तिथे तडकते. ते सगळं तिला बरोबर ठाऊक. पण एकोणिसातली एकच काच बसली. पहिली.

नात : चौकटी हलल्या असणार. हादऱ्यानं प्रत्येक वेगळी कलली असणार.

आजी : बघ, तुला बसल्या जागी कळलं. तिला कळायला अठरा काचा लागल्या.

नात : पणजोबा चिडले असतील.

आजी : ते चिडले की गप्प व्हायचे. दोन दिवस घरात चमच्याचासुद्धा आवाज नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात टेप दिली आणि खुणेनं सांगितलं, दर खिडकी वेगळी मोज. वर, मधे, खाली. सगळ्यांत लहान भरेल ते माप धर. सतरा काचा लोकांनी नेल्या, खुराड्याला लाव, फळीवर टाक असं करत. एक राहिली ती दुकानात जमिनीला टेकवून ठेवली. गल्लीतलं पिवळं मांजर रोज सकाळी तिच्यात बघून मिशा सारख्या करायचं आणि कामाला जायचं.

नात : मांजर. कामाला.

आजी : बेकरीत. उंदीर फार होते तिथे.

नात : आणि माझ्या मेलशी याचा संबंध काय?

आजी : येतेय ना तिकडेच. दम धर की जरा. तेव्हाची टेप कापडी. एकट्यानं धरली की मधे झोळ पडतो. वडील दुसऱ्या घरी कामाला. मग लांबडी काय करायची, एक टोक आपण धरायची आणि दुसरं घरात जे कोणी असेल त्याच्या हातात द्यायची. आपल्या भाषेतला एकच शब्द शिकली होती. धरा.

नात : मग?

आजी : मग काय, हातात टोक आलं की माणूस जरा ताठ उभं राहतं. आणि बोलायला लागतं. कोणी विचारलेलं नसतं हं. म्हातारा शिंपी म्हणाला, इथे माझं मशीन असायचं, उजेड डावीकडून यायचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, माझ्या खिडकीला धुरकट काच लावा, समोरचं घर बघवत नाही आता. त्याआधी वह्या घेऊन तीनदा माणसं येऊन गेली होती, काय गेलं, किती गेलं विचारत. लोक दारं लावून घ्यायचे. आणि या बयेला ओ की ठो कळत नव्हतं, तर तिला सगळं सांगत होते.

नात : तुमच्या घरी आली होती ती?

आजी : सगळ्यांत शेवटी. काचवाल्याचं घर ना, त्याचा नंबर कधी लागायचा? आमच्याकडे टोक माझ्या आईनं धरलं. मी बाजूला उभी राहून हसत होते. लांबडीचं डोकं दिव्याला आपटलं म्हणून.

नात : पणजी काय बोलली तिच्याशी?

आजी : ते नाही आठवत. किती वाजले बघ.

नात : पाचला वीस कमी. आजी, पण मला त्यांनी लेझरचं यंत्र दिलंय मोजायला. बटण दाबलं की आकडा. त्याला दुसरं टोकच नसतं.

आजी : मग ते राहू दे बॅगेत झोपलेलं. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन जा. आकडे पुसट झालेत, पण टोकं दोन आहेत.

नात : आणि त्या आजी पुन्हा उठून गेल्या तर?

आजी : टोक हातात असताना? तू ओढली जाशील की मागोमाग.

नात : त्यांच्या भाषेत 'धरा'ला काय म्हणतात तेही माहीत नाही मला.

आजी : मग ते विचार ना मेलमध्ये. नाहीतरी पाठवणारच आहेस.

नात : ...थांब. हे खोडते. 'मी ठरल्या दिवशी येते आहे. तुमच्या भाषेत, हे जरा धरता का, असं कसं म्हणायचं ते कळवावं.' बरंय?

आजी : 'कृपया' घाल. परक्यांना लिहितेयस.

नात : घातलं. गेला. आता ऊठ, या खिडकीवर सराव करू. आजी, हे जरा धरता का?

(टेपचं एक टोक आजीच्या हातात. दुसरं धरून नात खिडकीच्या पलीकडच्या बाजूला.)

नात : वर चौतीस. मधे पावणेचौतीस. अगं, आपलीही चौकट कललीय. खाली घे आता.

आजी : शहाणे, एक सांगू? मघाशी त्यात एक गोष्ट मनची घातली मी.

नात : मांजर ना? मला माहीतच होतं.

आजी : मांजर खरं होतं गं. आमच्या घरी टोक आईनं नव्हतं धरलं. आई तेव्हा नव्हती. ती काचांच्या आधीच गेली होती. टोक मी धरलं होतं.

नात : आजी...

आजी : बरंच काय काय सांगितलं मी लांबडीला. तिला कळलं नाही काही. पण तिनं टेप सोडली नाही. खाली किती भरतंय?

नात : दिसत नाहीये मला नीट.

आजी : सावकाश वाच. मी धरलंय.