दोनशे बारावं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे सन्माननीय प्राचार्य, त्यांच्या शेजारी बसलेल्या या वसतिगृहाच्या रेक्टर, ज्यांना त्या इथं विद्यार्थिनी असताना जिन्यावरून धावल्याबद्दल मी निदान वीस वेळा रागावले आहे, व्यासपीठावरचे विश्वस्त, मागच्या दारापाशी उभी असलेली मेसमधली माणसं, पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या खोलीच्या सोबतीण, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या शेवटच्या वर्षाच्या मुली, आणि निरोप द्यायला ज्यांना सक्तीनं बसवलं आहे त्या बाकीच्या मुली.

मी बसूनच बोलणार आहे. उभं राहून बोलण्यात मान असतो हे मला ठाऊक आहे, पण माझ्या गुडघ्यांना ते ठाऊक नाही. आणि हा पुष्पगुच्छ कोणीतरी घ्या. तो धरून माणूस बोलू शकत नाही आणि खाली ठेवला तर देणाऱ्याला वाईट वाटतं. हं. आभारी आहे.

मला सांगितलं होतं की 'सेवा' या विषयावर दहा मिनिटं बोला आणि मग वर्षभर समाजसेवेला गेलेल्या मुलींना प्रशस्तिपत्रं द्या. या वसतिगृहाची रेक्टर म्हणून सेवेवर मी या हॉलमध्ये बावीस वर्षं बोलले. मुली जांभया देत, मी न पाहिल्यासारखं करी, आणि रविवारी सकाळी साडेनऊला त्यांना रांगेत उभं करून कोणाला इस्पितळात, कोणाला अंधांच्या शाळेत, कोणाला वृद्धाश्रमात पाठवत असे. वहीत जाताना सही, येताना सही. मिशनच्या शाळेत शिकलेली बाई मी. सिस्टर लोकांनी फूटपट्टीनं बोटांवर शिस्त शिकवली, ती मी पुढे वाटत गेले.

आता मी स्वतः त्याच वृद्धाश्रमात राहते. मुलींनो, तोंडं अशी करू नका. मला कोणी टाकलेलं नाही. मी स्वतःच्या पायांनी गेले, तेव्हा पाय चालत होते. सांगायचं इतकंच की बावीस वर्षं मी मुलींना जिथं पाठवलं, तिथं पलंगावर बसून त्यांची वाट बघायची पाळी माझ्यावर आली. एवढी सेवा करून घ्यायला अंगात केवढी ताकद लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी माझे केस तीन वेळा विंचरले गेले. पहिली मुलगी विंचरून गेली, दुसरी आली, म्हणाली, "आज्जी, केस विंचरू या?" मी म्हटलं, "आत्ताच झाले." ती म्हणाली, "असू दे हो, पुन्हा करू!" तिसरीनं विचारलंही नाही. माझे केस आहेत किती? मोजून सांगता येतील इतके. मग फोटो. मग "जेवलात ना छान?" असं, मी दीड वर्षाची असल्यासारखं. मी इंग्रजीत उत्तर दिलं, तर म्हणे, "अय्या, आजींना इंग्लिश येतं!" त्या मुलीच्या थोरल्या बहिणीला मी या इमारतीत इंग्रजीतूनच झापलं होतं.

हसा. मलाही नंतर हसू आलं. पण पुढचं ऐका.

माझ्या खोलीत दुसऱ्या पलंगावर ज्या आहेत, त्या या बसल्या आहेत. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. त्यांच्या उशाशी एक जाडजूड रहस्यकथा आहे, दोनशे त्रेचाळीस पानांची. पहिल्याच पानावर एक सावकाश बोलणारा डॉक्टर जिन्यावरून पडून मरतो. कोणी ढकललं, ते शेवटच्या पानावर कळणार. डोळे गेले तेव्हा बाईंचं पुस्तक नुकतंच सुरू झालं होतं.

रविवारी आमच्या हॉस्टेलची मुलगी येई, पुस्तक उघडी आणि वाचायला लागे. पहिल्या पानापासून. बाई सांगत, "अगं, मागच्या वेळी पंचविसाव्या पानापर्यंत झालंय." त्यावर मुलगी म्हणे, "पण आजी, मला सुरुवात माहीत नाही ना! मला काही कळणारच नाही." आणि बाई भिडस्त. म्हणत, "बरं, वाच." पुढच्या रविवारी नवी मुलगी, पुन्हा पहिलं पान. माझ्यादेखत तो डॉक्टर नऊ वेळा जिन्यावरून पडला, मंडळी. नवव्या वेळी मला वाटलं, उठावं आणि आपणच ढकलावं.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला दिसतं ना, तुम्ही का नाही वाचून दाखवलंत? दाखवलं. दोन पानं झाल्यावर ऑपरेटरबाई म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही वाचलंत की सगळेच गुन्हेगार वाटतात."

दर रविवारी नवी मुलगी का? कारण नियम आहे. हॉस्टेलच्या नियमावलीत समाजसेवेखाली चौथा नियम: कोणत्याही मुलीनं एकाच व्यक्तीकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. हा नियम कोणी केला? व्यासपीठावर बघू नका. मी केला.

अठरा वर्षांपूर्वी एका मुलीला तिथल्या एका आजोबांचा लळा लागला. दर रविवारी त्यांच्याशी पत्ते खेळायची. ते गेले. मुलगी आठ दिवस जेवली नाही, परीक्षेत दोन विषय राहिले. तिचे वडील आले आणि माझ्या ऑफिसात उभे राहून ओरडले, "मुलीला शिकायला पाठवलंय की मयताला रडायला?" त्या आवाजानं मी घाबरले. त्याच दुपारी बसून चौथा नियम लिहिला आणि माझ्या घाबरण्याला शिस्त असं नाव दिलं. प्रत्येकीला सगळे वृद्ध सारखे, असं सुंदर वाक्यही खाली घातलं. प्राचार्यांनी कौतुक केलं. तेव्हाचे प्राचार्य, हे नव्हेत.

या वर्षी एक मुलगी आली. ती आज शेवटच्या रांगेत खांबाआड बसली आहे. बस तशीच, उठू नकोस. तिनं पहिल्या रविवारी ऑपरेटरबाईंना विचारलं, "कुठपर्यंत आलंय?" फक्त एवढंच. बाईंनी माझ्याकडे मान वळवली. दिसत काही नाही, पण वळवली. मुलीनं पंचविसाव्या पानावरून सुरुवात केली आणि मधेच विचारलं, "हा माळी कोण?" बाईंनी मागचं सगळं समजावून सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या कोणाला तरी काही सांगत होत्या.

पुढच्या रविवारी तीच आली. त्याच्याही पुढच्या रविवारी तीच. सात रविवार. माझं मत विचाराल तर मी नाक मुरडलं. म्हटलं, माझ्यामागे इथली शिस्त ढिली पडली. ती दर वेळी मैत्रिणींशी पाळी बदलून त्यांच्या नावानं सही करून येत होती, हे मला माहीत नव्हतं. ऑपरेटरबाईंना होतं. दुसऱ्याच रविवारी यादी धरणारी सीनियर दारात उभी होती, तेव्हा हिनं भलतंच नाव सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "लाइन ओळखीची आहे. बोला." आणि मलाही कळू दिलं नाही. मी नंतर जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, "तेहतीस वर्षं लोकांचं ऐकलं. कधी कोणाला सांगितलं का?"

सातव्या रविवारी दोनशे बारावं पान झालं. एकतीस पानं उरली. माळी सुटला होता, डॉक्टरच्या मेहुणीवर संशय होता, आणि आमच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बाई गोळी घ्यायला कुरकुर करत नव्हत्या. म्हणायच्या, "रविवारपर्यंत जिवंत राहायलाच हवं."

त्याच सातव्या रविवारी एका मुलीला कांजिण्या झाल्या होत्या. ती खोलीत अंगाला औषध लावून पडलेली, आणि त्याच दिवशी वृद्धाश्रमाच्या वहीत तिची सही. झालं. प्रकरण उघडकीला आलं.

आता मी जे सांगणार आहे ते रेक्टरबाईंना, मला आणि त्या मुलीला माहीत आहे. ऑपरेटरबाई, तुम्हाला ते आज इथं चारचौघांत कळतंय, त्याबद्दल नंतर खोलीत मला हवं ते बोला.

त्या दिवशी रेक्टरबाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "मॅडम, एका मुलीनं वहीत खोट्या सह्या केल्यात. शेवटचं वर्ष आहे तिचं. तुमच्या वेळी तुम्ही काय केलं असतं?" कोण मुलगी, कुठं जात होती, कशासाठी, काही विचारलं मी? नाही. गुडघा दुखत होता, फोन ठेवायचा होता. म्हटलं, "खोटी सही? यादीतून नाव काढ. पुन्हा पाठवू नकोस. दया दाखवलीस तर डोक्यावर बसतील." त्या "बरं" म्हणाल्या. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. तिनं काही चूक केली नाही. मी सांगितलं ते केलं.

रविवारी नवी मुलगी आली. गोड होती. पुस्तक घेतलं, खूणपट्टी काढून बाजूला ठेवली आणि पहिलं पान उघडलं. डॉक्टर जिन्यावरून पडला. ऑपरेटरबाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "बाळ, आज माझं डोकं दुखतंय." मुलगी गेल्यावर मला विचारलं, "आपली लाइन कोणी कापली हो?"

मी काय बोलले असेन? मी, जिच्या जिभेला हे सगळं वसतिगृह घाबरायचं? मी म्हटलं, "झोपा आता." दुपारचे बारा वाजले होते.

तेव्हापासून पाच रविवार गेले. बाईंनी पुस्तक उशाशी ठेवणं बंद केलंय. गोळ्यांवरून पुन्हा भांडण होतं.

या टेबलावर एक्केचाळीस प्रशस्तिपत्रं आहेत. मुली बेचाळीस होत्या. ज्या मुलीनं खरोखर एका माणसाचं ऐकलं, तिचं नाही. बाकीच्यांना मी देईन, तुमचा दोष नाही, तुम्हाला माझ्या नियमानं तसंच शिकवलं. पण हात लावताना मला लाज वाटणार आहे, तेवढी सहन करा.

मघाशी जिन्याखाली ती मुलगी भेटली. बॅग बांधून ठेवलेली, उद्या सकाळच्या बसनं गावी निघाली आहे. मी म्हटलं, "तुझं नाव काढायला मीच सांगितलं." ती म्हणाली, "कळलं होतं, मॅडम." मी म्हटलं, "मग शिव्या दे." म्हणाली, "सह्या खोट्याच होत्या ना. प्रशस्तिपत्र राहू द्या. फक्त बाईंना न सांगता गेल्यासारखं झालं." आणि वळता वळता, "मेहुणी नाहीये ती, मॅडम. मी पुढचं वाचलेलं नाही, पण ती नाहीये."

प्राचार्य महोदय, चौथा नियम काढून टाका. तो लिहिणारी बाई सांगते आहे की तो भित्रेपणातून लिहिला होता. कोणी गेलं तर मुली रडतील. रडू द्या. दोन विषय राहिले तर पुन्हा बसतील. वडील ओरडायला आले तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मला आता ऐकायला कमीच येतं.

तुम्ही समिती नेमाल, ठराव कराल, तोवर ही मुलगी आपल्या गावी नोकरी शोधत असेल. म्हणून मी आज एक केलं आहे. नाव काढलेल्या मुलीला वृद्धाश्रमात जायला मनाई आहे. वृद्धाश्रमानं इकडे यायला मनाई असल्याचं मला नियमावलीत कुठं सापडलं नाही, आणि नियमावली मी लिहिली आहे. आश्रमाची गाडी सात वाजेपर्यंत थांबणार आहे. ऑपरेटरबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे, असं मघापासून चहा देणाऱ्या मुली बघताहेत. पुस्तक आहे. मी खोटं सांगून आणायला लावलं, म्हटलं ग्रंथालयाला द्यायचंय.

आयोजकांनी बोलावलं, रेक्टरबाईंनी माझं इतकं ऐकून घेऊन अजून खुर्ची सोडलेली नाही, मेसनं चहा गरम ठेवला आहे, या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कोणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि जे बोलण्यात नव्हे, करण्यात चुकलं, त्याची माफी मी इथं दोघींकडे मागते. त्यांनी लगेच दिली नाही तरी चालेल.

मुली, खांबाआडून बाहेर ये. शेजारची वाचनखोली उघडी आहे, रेक्टरबाईंनी स्वतः उघडून दिली. खुर्ची ढकलताना उंबऱ्याशी जपून. खूणपट्टी मी परत जागेवर ठेवली आहे.

आणि दार उघडं ठेवा. मलाही ऐकायचंय.