एकाच भट्टीचे दोन माल्ट

मी व्हिस्कीच्या बाबतीत हट्टी आहे म्हणता ना, मग हे ऐका. साडूने स्कॉटलंडहून मला बोटभर उंचीच्या दोन बाटल्या आणल्या. भट्टी एकच, दोन्ही माल्ट पंचवीस वर्षं जुने. पण मुरवायची पिंपं वेगळी, आणि दोन वेगळ्या व्यापाऱ्यांनी ती विकत घेऊन आपापल्या नावाने बाटल्यांत भरलेली. दोन्हींची चव ताडून बघायला रविवारी दुपारी सुभाषला बोलावलं. नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी तो, नुसत्या वासावर माल ओळखतो. मला सकाळपासून चैन नव्हतं. सोडा लपवला, शेव लपवली, ग्लास तीनदा धुतले. सुभाष आल्यावर दोन ग्लासांत दोन बाटल्या रिकाम्या केल्या आणि नेमका फोन आला. परत येतो तर एक ग्लास रिकामा, दुसरा दुप्पट भरलेला.

"हाई काय करं तू?" मी ओरडलो.

"एकच भट्टीना माल शे ना? येगयेगळा वास लागना तं गिऱ्हाईक कटकट करस. मी मिसळी टाकं."

मी रागारागात एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"कशी शे?" सुभाषने विचारलं.

"बेकार शे," मी म्हटलं, आणि ग्लास त्याचा हात पोहोचणार नाही इतका लांब सरकवला.